धुरी दिलेली व्हॅन

कुंभारीच्या फाट्यावर उभ्या असलेल्या गाड्यांतून कुंडलिकतात्याची व्हॅन ओळखायला डोळे लागायचेच नाहीत, नाक पुरायचं. मोगऱ्याची उदबत्ती, तंबाखू, खोबरेल तेल आणि आजवर बसून गेलेल्या माणसांचा मिळून एक वास त्या गाडीला होता. आत शिरलं की आरशाला लोंबणारा लाल गोंडा दिसायचा. समोर खंडेनवमीला लावलेलं हळदीकुंकू पुढच्या खंडेनवमीपर्यंत तसंच असायचं. आणि मागच्या सीटवर मोराच्या नक्षीची जाड सोलापुरी चादर. ती वर्षातून एकदाच, नवरात्राच्या धुण्यात, घरच्या अंथरुणांबरोबर धुतली जायची. कुणी बोललंच तर तात्या म्हणायचा, "गाडी म्हंजे काय न्हाणी हाय व्हय, रोज धुवायला?"

या गाडीच्या स्टिअरिंगला त्यानं कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. तशी गरजही पडत नव्हती, कारण ती दुसऱ्याला चालवताच आली नसती. तिसरा गिअर अडायचा. सरळ टाकायला जावं तर करकर करून गाडी असा हिसका द्यायची की मागच्या माणसाचं कपाळ पुढच्या सीटवर आपटायचं. तात्याला मात्र त्याची खुबी ठाऊक होती. मेकॅनिक म्हणाला होता, दुरुस्त करून देतो. तात्या म्हणाला, "नगं. नीट झाला तर कुणीबी चालवंल." माणसाचा स्वभाव कळायला एवढं एक वाक्य पुरेसं आहे.

पण तात्याचा खरा अभिमान गिअर नव्हता, ती मागची सीट होती. सात वर्षांपूर्वी गल्लीतल्या दिग्विजयची बायको उत्कर्षा अडली. दिग्विजय चिंचोळी एमआयडीसीत कामावर. तात्यानं गाडी काढली, सोबत त्याची बायको रंभाबाई. अक्कलकोट रोडनं निघाले, पण उत्कर्षाला दवाखान्यापर्यंत दम निघाला नाही. रस्त्याकडेला गाडी थांबवून रंभाबाईनं बाळंतपण केलं आणि सीटवरच्या त्याच मोराच्या चादरीत पोर गुंडाळली. पुढं घरी आल्यावर त्या पोरीला रोज धुरी दिली, तीही रंभाबाईनंच. तात्याला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. ही पोर, आरोही, आपल्या गाडीत झाली म्हणजे निम्मी आपलीच, असा हिशेब त्यानं मनाशी मांडून टाकला होता. नवा प्रवासी बसला की तो आरशातून सांगायचा, "ज्या सीटवर बसलायसा न्हवं, तितं एक जीव जन्माला आलाय." प्रवासी बिचारा जरा सरकून बसायचा.

पोरगी त्या गाडीतच वाढली म्हणा ना. तात्या तिला मांडीवर घेऊन हॉर्न वाजवू द्यायचा.

आरोही पहिलीत गेली आणि तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. सगळी गल्ली सुन्न झाली. दर गुरुवारी सोलापुरातल्या दवाखान्यात न्यायचं, सुया टोचायच्या, सलाईन लावायची. ज्या औषधानं आजार मरायचा त्यानंच अंगातली ताकदही मरायची. डॉक्टरांनी उत्कर्षाला बजावून सांगितलं होतं, की हिला साधी सर्दीसुद्धा झेपणार नाही. एसटीनं आणू नका, गाडी करा, गाडी आतून स्वच्छ केलेली पाहिजे आणि काचा उघड्या ठेवा.

उत्कर्षा अर्थातच तात्याकडं आली. "तात्या, गाडी स्वच्छ पायजे म्हणलेत डॉक्टर."

"आगं, स्वच्छ म्हंजे काय स्वच्छ! तू उद्या ये तर खरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आणि रंभाबाईनं मिळून जे केलं, ते जगात दुसऱ्या कुणी केलं नसतं. बाळंतिणीच्या खोलीला देतात तशी त्यांनी गाडीला धुरी दिली. खापरात रसरशीत निखारे घेतले, त्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं, ऊद आणि वरून मूठभर कडुलिंबाचा पाला टाकला. खापर गाडीत ठेवून काचा गच्च लावून घेतल्या. दारं उघडली तेव्हा धुराचा असा लोट निघाला की फाट्यावरची माणसं गाडी पेटली म्हणून घागरी घेऊन धावत आली. तात्या डोळे पुसत, खोकत, समाधानानं म्हणाला, "आता आत एक जरी जंतू जित्ता सापडला, तर मिशी काढीन."

जंतूंचं काय झालं देव जाणे. चादरीत मुरलेल्या त्या धुरानं आरोही मात्र फाट्यापासून दवाखान्यापर्यंत खोकत गेली. तिथं नाकाला ऑक्सिजनची नळी लावावी लागली आणि डॉक्टर उत्कर्षाला सगळ्यांदेखत बोलले. तात्या बाहेर झाडाखाली तंबाखू मळत बसला होता, त्याला यातलं काही कळलं नाही. परत येताना उत्कर्षा एक शब्द बोलली नाही. तात्याला वाटलं, पोरीच्या काळजीनं गप्प असेल.

पुढच्या गुरुवारी तो गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून वाट बघत होता. तेवढ्यात शिवपुत्रची पांढरी मोटार त्याच्यासमोरून गेली. मागच्या सीटवर उत्कर्षा, आणि आरोही गुडघ्यांवर उभी राहून मागच्या काचेतून तात्याच्या व्हॅनला हात हलवत होती. तात्यानं हात हलवला नाही. त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढं कितीतरी दिवस थांबलं नाही.

शिवपुत्र म्हणजे फाट्यावरचा दुसरा गाडीवाला. घरी कन्नड, बाहेर मराठी, दोन्हीकडं आवाज सारखाच मऊ. कोरोनात तात्या गाडीवर ताडपत्री टाकून घरात बसला होता, तेव्हा हा रुग्णवाहिका चालवत होता. साथ ओसरल्यावर गावानं त्याला शाल-श्रीफळ दिलं होतं. तो कार्यक्रमही तात्यानं पहिल्या रांगेत बसून पाहिला होता आणि घरी येऊन जेवला नव्हता. म्हणजे जुनी ठिणगी होतीच. आता तिच्यावर तेल पडलं.

फाट्यावर चहाच्या टपरीसमोर शिवपुत्र रोज गाडी साफ करायचा, आणि तात्या टपरीच्या बाकड्यावरून त्याच्याकडं बघत जळत बसायचा. शिवपुत्र आधी चारही दारं उघडून वारं जाऊ द्यायचा. पायपुसणी काढून उन्हात टाकायचा. मग साबणाच्या पाण्यानं सीट पुसायचा. नंतर दुसरं फडकं घेऊन, बाटलीतलं जंतुनाशक औषध दारांच्या मुठी, सीटच्या पट्ट्यांचे खटके, काचांची बटणं, स्टिअरिंग असं जिथं जिथं माणसाचा हात लागतो तिथं लावायचा. आणि एवढं करून लगेच कोरडं न करता शेजारी उकिडवा बसून राहायचा.

"बघा, बघा," तात्या टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "औशद लावून पुसायचं सोडून बघत बसलाय. गाडी हाय का दवाखान्याची मोरी!"

शिवपुत्रला ऐकू जायचं. तो हसून म्हणायचा, "औषधाला येळ द्यावा लागतोय री तात्या. वलं राहिलं तर काम करतंय. बर्री, या हिकडं, दावतो तुमाला."

"मला नगं दावू. तुज्या जन्माच्या आदीपास्नं गाडी चालवतोय मी."

हे काही खरं नव्हतं, दोघांच्या वयात फार तर पाचसात वर्षांचं अंतर असेल. पण जळणाऱ्या माणसाच्या तोंडून हिशेब नीट निघत नाही.

घरी आल्यावरही तात्याच्या तोंडी दुसरा विषय नसे. आज त्यानं आरोहीला चॉकलेट दिलं. आज ती उतरताना त्याला टाटा करत होती. आज तिनं हॉर्न वाजवला, त्याच्या गाडीचा! शेवटी रंभाबाई वैतागून म्हणाली, "अवो, सवत आणली तर बाई बी येवढी जळत न्हाय."

तात्यानं मग गाडी साफ करायला घेतली. म्हणजे त्याच्या मते. उग्र वासाचं फिनेल आणून सगळीकडं शिंपडलं आणि खांद्यावरच्या फडक्यानं पुसलं. त्या फडक्यानं तो बॉनेट पुसायचा, जेवल्यावर हात पुसायचा आणि उन्हाळ्यात मानेचा घामही पुसायचा. वरून मोगऱ्याच्या चार उदबत्त्या जास्तीच्या लावल्या आणि उत्कर्षाला बोलावून आणलं. तिनं दारातून आत डोकावलं, म्हणाली, "वास लई भारी येतोय तात्या," आणि गुरुवारी शिवपुत्रच्या गाडीत बसून गेली.

तेव्हा मात्र तात्याला राहवलं नाही. भर गल्लीत त्यानं तिला अडवलं. "तुजी लेक माज्या गाडीत झाली उत्कर्षा. आता त्याच गाडीत बसायला तुला लाज वाटती व्हय?"

उत्कर्षा दवाखान्याच्या फेऱ्यांनी इतकी थकली होती की तिला रागही आला नाही. "तात्या, वास नको मला. धूरबी नको. त्या दिवशी तिला नळी लावली हुती, म्हाईत हाय का तुमाला?"

तात्याला माहीत नव्हतं.

"ती चादर काढा आदी," ती म्हणाली. "समद्यांचा खोकला, शिंका, धूर, समदं कापडात मुरून बसतंय."

"तीच चादर हाय ती. त्या दिवसाची."

"म्हाईत हाय मला," उत्कर्षा म्हणाली आणि घरात गेली.

दोन दिवस तात्या टपरीवर फिरकला नाही. पोरीला आपल्यामुळं नळी लागली याचं त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्यानं तो चादर काढायला उठला नाही. तिसऱ्या दिवशी शिवपुत्रच्या गाडीच्या मागच्या काचेवर आरोहीनं चिकटवलेलं फुलपाखरू त्याला दिसलं, आणि तो तरातरा घरी आला. शहाणपणानं जे काम झालं नसतं ते मत्सरानं एका दुपारीत करून टाकलं.

चादर निघाली. गोंडा निघाला, लिंबूमिरची निघाली, खंडेनवमीचं हळदीकुंकू मनातल्या मनात माफी मागून पुसलं. रंभाबाईनं चादर कढत पाण्यात धुऊन, वाळवून, घडी घालून पेटीत ठेवली. उघड्या रेक्झिनची ती सीट भादरलेल्या मेंढीसारखी दिसायला लागली. मग तात्यानं दारं उघडून वारं जाऊ दिलं, साबणाच्या पाण्यानं सगळं धुऊन काढलं, औषधाच्या दुकानातून शिवपुत्रकडं होती तसलीच बाटली आणली. टपरीवर बसून चेष्टा करता करता त्याला ती सगळी पद्धत तोंडपाठ झाली होती. औषध लावून झाल्यावर तोही गाडीशेजारी उकिडवा बसून राहिला. मात्र टपरीसमोर नाही, घरामागं, कुणी बघणार नाही अशा बेतानं.

उत्कर्षा आली. तिनं सीटवरून हात फिरवला, खटके बघितले, आत तोंड घालून वास घेतला. कसलाच वास नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"या गुरुवारी तुमीच न्या तात्या," ती म्हणाली.

इथं तात्या गप घरी बसला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. पण जिंकलेली गोष्ट हरलेल्याला ऐकवली नाही तर ती जिंकल्यासारखी वाटत नाही. बुधवारी सकाळी तो टपरीवर गेला. शिवपुत्र तिथंच होता. बिभीषण रिक्षावाला मफलर गुंडाळून नाक ओढत बसला होता. तात्यानं सगळ्यांना चहा सांगितला, बिभीषणच्या शेजारी टेकला आणि जुन्या सवयीनं त्याच्याच बशीतला निम्मा चहा ओढला. मग आवाज चढवून म्हणाला, "उद्या आपल्या पोरीला आपल्या गाडीतनं न्यायची हाय. शेवटी घरचं ते घरचं."

शिवपुत्रचं तोंड उतरेल म्हणून तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होता. शिवपुत्र म्हणाला, "लई बरं झालं री तात्या. मला बी माझी गाडी गॅरेजला टाकायचीच हुती. क्लचचं काम निघालंय. आता आजच टाकतो."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. तात्याला त्याचाच जास्त राग आला. एवढ्या खटपटीनं जिंकावं आणि समोरच्यानं साधं हळहळूही नये म्हणजे काय! बिभीषण शेजारी शिंकला, एकदा, दोनदा. तात्याचं तिकडं लक्षच नव्हतं.

गुरुवारी सकाळी तात्याच्या घशात काटे टोचत होते. अंग मोडून आलं होतं. त्यानं रंभाबाईच्या नकळत आल्याचा काढा घेतला, पण तिनं कपाळाला हात लावलाच. "तापलायसा की वो!"

"चुलीपुढं बसलो हुतो," तो म्हणाला, तोंडाला मास्क लावला आणि गाडी काढली.

गल्लीत उत्कर्षाच्या दारासमोर गाडी उभी राहिली. आरोही धावत बाहेर आली. धावत म्हणजे तिला जमेल तेवढं. डोक्यावर लोकरीची टोपी, तोंडाला मास्क, टोपीखाली केस उरले नव्हते. "तात्या! गोंडा कुटं गेला?" म्हणत तिनं दाराच्या मुठीकडं हात नेला.

तात्याच्या घशात खोकला दाटून आला. त्यानं दाबला. काचा उघड्या ठेवू, तो मनाशी म्हणाला. मास्क हाय की. जायचं यायचं, तेवढ्यात काय हुतंय? शिवपुत्रची गाडी गॅरेजला पडलेली. आज ही संधी गेली तर पोरगी कायमची त्याच्या गाडीतली. त्यानं ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतून पाणी आलं. आणि मग तो खोकला सुटलाच, मास्कच्या आत, स्टिअरिंगवर वाकून, सगळं अंग हलेपर्यंत.

उत्कर्षानं पोरीचा हात मागं ओढला.

धूळ गेली घशात, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण नाकाला नळी लावलेली आरोही तात्यानं कधी पाहिली नव्हती, ती नेमकी तेव्हाच त्याला दिसली.

"हात लावू नगंस पोरी," तो काचेआडून म्हणाला. "तात्याला ताप हाय."

आरोही हिरमुसली. उत्कर्षा मटकन पायरीवर बसली. "आता कसं तात्या? आजची सुई चुकवून चालत न्हाय."

तात्यानं मोबाईल काढला. शिवपुत्रचा नंबर त्याच्याकडं कैक वर्षं होता, त्यानं तो एकदाही लावला नव्हता. "शिवपुत्र," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याच्या तोंडून दात उपटावा तसं निघालं, "माझी गाडी चालवायला ये बाबा. आन तुजी बादली घिऊन ये."

शिवपुत्र सायकलवरून आला, हँडलला बादली अडकवलेली. "खाली उतरा री तात्या. लांब जाऊन उभं राहा." त्यानं हातमोजे घातले आणि चारही दारं उघडली.

तात्या रस्त्यापलीकडं लिंबाखाली उभा राहिला. घरच्या माणसाला परक्यानं आंघोळ घालावी आणि आपण लांबून बघावं, तसं त्याला झालं होतं. शिवपुत्रचा हात स्टिअरिंगवरून फिरला, आरशावरून, दारावरून, गिअरच्या दांड्यावरून. जिथं तात्या खोकला होता ती सगळी जागा त्यानं दोनदा पुसली. मग औषध लावून तो तिथंच उकिडवा बसला, आणि या वेळी तात्याही जागचा हलला नाही. आरोही पायरीवरून तात्याकडं बघत होती. ऊन लिंबातून खाली उतरायला लागलं होतं.

शेवटी आरोही मागच्या सीटवर बसली. "आई, मी हितंच झाले व्हते ना?" तिनं विचारलं. उत्कर्षा व्हय म्हणाली. शिवपुत्र ड्रायव्हरच्या जागी बसला, त्यानं सीट पुढं सरकवून घेतली आणि तात्याच्या गाडीला किल्ली लावली.

तात्या हे बघत उभा होता. आता फक्त तिसरा गिअर उरला होता. तो सांगितला नाही तर गल्लीच्या वळणावरच गाडी करकरेल, हिसका देईल, आणि सगळ्या कुंभारीला कळेल की ही गाडी कुंडलिकशिवाय कुणाच्या बापाला चालत नाही. मग शिवपुत्रही हात टेकेल. त्याला हे सगळं एका क्षणात सुचलं आणि क्षणभर बरंही वाटलं. पण हिसका बसला तर पुढं आपटणारं कपाळ आरोहीचं असणार होतं.

"शिवपुत्र!" तो तोंडावर गमजा धरून ओरडला. "तिसरा अडतोय! क्लच पुरता दाब, अर्ध्यावर आण, मग जरा डावीकडं रेट! हळू!"

"समजलं री!"

गाडी निघाली. मागच्या काचेतून आरोही हात हलवत होती. या वेळी तात्यानंही हात वर केला. गाडी गल्लीच्या टोकाला पोचली, वळली आणि घरांआड दिसेनाशी झाली. आता तिसरा पडणार. तात्या श्वास रोखून, मान तिरकी करून ऐकत उभा राहिला.

काही वाजलं नाही. गाडी अलगद पुढं गेली, आणि लांबून, अक्कलकोट रोडवरून, आरोहीनं वाजवायला लावलेला त्याच्याच गाडीचा हॉर्न ऐकू आला.

रंभाबाई चादर घेऊन आली, तीच पेटीतली, आणि तिनं ती त्याच्या थंडीनं कुडकुडणाऱ्या खांद्यांवर टाकली. "गेली का नीट?" तिनं विचारलं.

"गेली," तात्या म्हणाला. मग तापलेल्या डोळ्यांनी रस्त्याकडं बघत म्हणाला, "जरा तरी करकरायला पायजे हुता, भाड्या."